लोखंडाचे घर

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या आर्णीत अजूनही काही अंगणांतून शेणाच्या सड्याचा वास येऊ लागतो. आता बहुतेक घरे सिमेंटची झाली, ओसरीवर फरशी आली; तरी अरुणावतीच्या अंगाला मातीच्या भिंती नि सारवलेली जमीन अगदीच नाहीशी झालेली नाही. त्या वासाबरोबर मला दरवर्षी एका जहाजाची आठवण होते. शेण आणि जहाज! वाचक म्हणतील, मास्तरांना उतारवयात भ्रम झाला. पण या दोहोंची गाठ माझ्या मनात एका म्हातारीने मारून ठेवली आहे, आणि ती गाठ कशी पडली हे सांगण्यासाठीच आज लिहावयास बसलो आहे.

आर्णी आणि समुद्र यांचा संबंध काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. मुंबईचा किनारा येथून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नदी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. परंतु शाळेत इतिहास नि भूगोल शिकविताना मी मुलांना सांगत असे, की पोरांनो, संबंध नाही असे म्हणू नका. आपल्या अरुणावतीचे पाणी पैनगंगेच्या खोऱ्यात जाते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आणि आपला कापूस तर आपल्या कितीतरी आधी समुद्र पाहून आला. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची गाडी इंग्रज कंपनीने घातली ती काही आपल्या माहेरवाशिणींसाठी नव्हे. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे पोहोचावा म्हणून घातली. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ती गाडी ओढीत होते. सत्तर वर्षे! एखादी वस्तू रोज पुसली, तेल घातले, तर ती किती टिकते याचा हा आमच्या घरचाच दाखला.

आता जहाजाकडे वळतो. माझे एक आतेभाऊ आहेत. सारे गाव त्यांना दादा म्हणते, मीही म्हणतो. १९६६ साली, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते घरच्या दोन एकर कोरडवाहू शेतीला कंटाळून नौदलात भरती झाले. तोपर्यंत त्यांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पुरातली अरुणावती. पुढे त्यांची नेमणूक 'विक्रांत'वर झाली, तीही खाली, बॉयलरखोलीत. आत्याबाईंना एवढेच कळले, की पोरगा एका लोखंडाच्या घरात राहतो आणि ते घर पाण्यावर चालते.

त्या लोखंडाच्या घराची जन्मकथा मोठी वेधक आहे. दुसरे महायुद्ध भरात असताना, १९४३ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडात टाईन नदीच्या काठी त्याची कणा-पट्टी घातली गेली. नाव ठेवले होते 'हर्क्युलिस'. १९४५ च्या सप्टेंबरात ते पाण्यात सोडले, पण तोवर लढाई संपली होती. अर्धवट बांधलेली ही नौका इंग्रजांना नकोशी झाली आणि दहा-अकरा वर्षे स्कॉटलंडच्या एका खाडीत तशीच पडून राहिली. १९५७ साली आपल्या सरकारने ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या कारखान्यात तिचे उरलेले काम पुरे करून घेतले. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईस आली तेव्हा स्वागताला स्वतः पंडित नेहरू हजर होते. लांबी सुमारे ७०० फूट, भरल्या अंगाने वजन साडेएकोणीस हजार टन, आणि आत हजाराहून अधिक माणसांचा संसार. सगळी आर्णीची बाजारपेठ उचलून पाण्यावर ठेवावी असाच तो प्रकार!

विमानवाहू जहाजाची करामत दादांनी मला आमच्या ओट्यावर बसून खडूने आकृती काढून समजावून दिली होती. जमिनीवर विमानाला धावायला लांबलचक पट्टी लागते. ती जहाजावर कोठून आणावयाची? म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडाशी तोंड करून वेगाने जाते, आणि वाफेच्या दाबावर चालणारी एक गोफण विमानाला पुढे भिरकावून देते. परतताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात अडकतो आणि विमान जागच्या जागी थांबते. दादा म्हणत, "लोक वैमानिकाला टाळ्या देतात, द्याव्याच. पण ज्या वाफेवर जहाज चाले त्याच वाफेवर विमान उडे, आणि वाफ तर आमच्या हातची. आम्ही समुद्र पाहिला कुठे? आम्ही पाहिला तो जाळ."

१९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत उभी होती. तरीदेखील शत्रूने ती बुडविल्याचा दावा करून टाकला! १९७१ साली मात्र तिने आपले नाव सार्थ केले. तेव्हा तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता आणि वेगावर मर्यादा पडली होती. दुबळ्या बॉयलरला पोलादी पट्टे आवळून, उरलेल्यांच्या जोरावर तिला अंदमानच्या बाजूने बंगालच्या उपसागरात नेले गेले. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ समुद्राच्या तळाशी गेली. ४ डिसेंबरच्या सकाळी विक्रांतवरून 'सी हॉक' विमाने उडाली ती कॉक्स बाजारवर, आणि दुपारी चितगाववर. पुढले काही दिवस पूर्व बंगालची बंदरे एकामागून एक निकामी होत गेली आणि शत्रूची समुद्राकडची वाट बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. विक्रांतच्या लोकांना दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे मिळाली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. चावडीजवळच्या रेडिओभोवती गाव जमे, आणि 'विक्रांत' हा शब्द ऐकू आला की सारेजण आत्याबाईंकडे वळून पाहत. त्या पदर डोक्यावर ओढून उभ्या असत. त्यांना त्या बातम्यांतले एकच हवे असे आणि ते रेडिओ सांगत नसे. पोरगा जिवंत आहे हे पोस्टकार्डाने कळले, जानेवारीत.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. दादा त्याच्या बऱ्याच आधी, पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून, परत आर्णीला येऊन कपाशी लावू लागले होते. जहाज मोडणार नाही, त्याचे संग्रहालय होणार, अशी बातमी आली तेव्हा त्यांना फार आनंद झाला. २००१ सालापासून नौदलाने वर्षातून थोडे थोडे दिवस ते लोकांना पाहावयास खुले केले. २००६ च्या हिवाळ्यात आम्ही तिघे निघालो : अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई, दादा आणि मी. यवतमाळहून धामणगाव, तेथून रात्रीची रेल्वे. आत्याबाईंनी त्यापूर्वी पंढरपूरपलीकडे प्रवास केला नव्हता. समुद्र पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "पानी तं लय हाये, पन प्यायच्या कामाचं नाही."

डेकवर पाय ठेवण्यापूर्वी त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या. कितीही सांगितले तरी घालीनात. पोलादाला हात लावून तो कपाळी नेला. भोवती शाळांची मुले जुन्या विमानांसमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. दादा त्यांना आकडा, दोर, लिफ्ट दाखवीत होते. माझ्या देखत पन्नासएक पोरे त्यांच्याभोवती गोळा झाली. दादा इतके बोलताना मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. तेवढ्यात आत्याबाई एका कडेला वाकून काहीतरी निरखू लागल्या. रंगाचा पापुद्रा सुटला होता, आत तांबडा गंज. त्यांनी नखाने तो उचलला. पोळीच्या पदरासारखा तो सरळ हातात आला. मग त्या मुलाकडे वळल्या नि म्हणाल्या,

"काहून रे, येवढं मोठं लोखंडाचं घर हाये, न याले सारवते कोन?"

आसपासची मंडळी हसली. दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "आई, आम्ही रोज खरवडत होतो. गंज खरवडायचा, अस्तर द्यायचं, रंग मारायचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचलो की पुन्हा पहिल्या टोकाला सुरुवात."

"न आता?"

दादांनी उत्तर दिले नाही.

वाचकहो, जहाजाचे संग्रहालय करणे म्हणजे काय, यावर मी पुढे बरेच वाचले. पण आत्याबाईंच्या त्या प्रश्नापलीकडे नवे असे फारच थोडे हाती लागले. मातीचे घर जसे पावसाने झिजते तसे पोलादाचे घर खाऱ्या पाण्याने झिजते, आणि झिजते ते दिसत नाही अशा जागी : पाण्याच्या रेषेखाली, बंद कोठड्यांत, नळांच्या वळणांत. चालत्या जहाजावर हजार हात असतात. ते ठराविक काळाने कोरड्या गोदीत चढते, तळ घासला जातो, झिजलेला पत्रा बदलला जातो, जस्ताचे ठोकळे लावले जातात म्हणजे समुद्र आधी जस्त खातो आणि पोलाद वाचते. निवृत्त जहाजाचे हात जातात, समुद्र मात्र आपले काम सोडीत नाही. इमारत पडली तर ढिगारा उरतो. गोदीत उभे जहाज बुडाले तर बंदराची वाट अडते आणि आतल्या माणसांचा जीव जातो. म्हणून 'ठेवून देऊ, पुढे पाहू' हे धोरण पोथीला चालेल, तलवारीला चालेल, जहाजाला चालत नाही.

इतर देशांनी हे कसे निभावले पाहा. उत्तरेकडील समुद्र हिवाळ्यात गोठतात. तेथे बर्फ फोडून वाट करणारी खास जहाजे असतात. त्यांची नाळ उतरती असते. ती बर्फाच्या थरावर चढते आणि जहाजाच्या भाराने थर खाली मोडून पडतो. रशियाचे 'क्रासिन' हे अशांपैकी एक. तेही टाईन नदीच्याच काठी, न्यूकॅसल येथे, पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेले; म्हणजे आमच्या विक्रांतचे थोरले भावंडच म्हणा. १९२८ साली उत्तर ध्रुवावरून परतणारे 'इटालिया' नावाचे वायुयान बर्फावर कोसळले, तेव्हा तेथे अडकलेल्यांपैकी उरलेल्या लोकांना याच जहाजाने बर्फ फोडीत जाऊन सोडविले. ते आज सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवर संग्रहालय होऊन उभे आहे. दुसरे 'लेनिन', अणुशक्तीवर चालणारे जगातले पहिले पृष्ठजहाज. १९५९ साली कामाला लागले, १९८९ साली निवृत्त झाले, आणि मुर्मान्स्क बंदरात लोकांसाठी उघडले ते २००९ साली. मधली वीस वर्षे गेली, पण जहाज गेले नाही.

न्यूयॉर्कची 'इंट्रेपिड' तर विमानवाहूच. तिचा जन्मही १९४३ चा, आणि १९८२ पासून ती संग्रहालय आहे. आम्ही आत्याबाईंना घेऊन मुंबईला गेलो त्याच २००६ च्या नोव्हेंबरात तिला डागडुजीसाठी हलवू लागले, तर ती तळच्या चिखलात रुतून बसली! महिन्याने ती निघाली आणि दुरुस्त होऊन परत यावयास २००८ चा ऑक्टोबर उजाडला. पंचवीस वर्षे सांभाळल्यानंतरही पुन्हा दोन वर्षे दार लावून सारवण करावे लागले. संग्रहालय एकदा उघडले की काम संपले, असे जहाजाच्या बाबतीत होत नाही.

आणि एक गोष्ट मी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधीत. मलबारचा साग ते वापरीत, आणि त्या सागाची जहाजे इंग्रजी ओकच्या जहाजांहून टिकतात असा लौकिक होता. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे इंग्रज आरमाराचे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरले. त्या सालच्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा दिवा मावळला, म्हणजे केवढे जुने ते जहाज! १८९७ साली ते मोडीत निघाले असता व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाने विकत घेऊन वाचविले. पुढे दीर्घकाळ त्यावर मुलांना समुद्राचे शिक्षण दिले जाई. १९८७ साली ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला नेले आणि दहा वर्षांहून अधिक काळ खपून पुन्हा जुन्या रूपात उभे केले. ते आजही पाण्यावर तरंगते आहे. आणि हार्टलपूल कोठे आहे? टाईन नदीपासून थोडेसे दक्षिणेला.

मुंबईत जन्मलेले जहाज टाईनच्या शेजारी नांदते आहे. टाईनच्या काठी जन्मलेले मुंबईत आले, त्याचे काय झाले ते आता सांगावयाचे आहे.

पण त्याआधी माझ्या पदरातली चूक सांगतो. मुंबईहून परत आलो त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला शब्द दिला, की तुम्हाला विक्रांत दाखवीन. पोरांनी पैसे जमवावयास सुरुवात केली. एका डब्यात रुपया-दोन रुपये पडू लागले. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, पालकांना सांगवेना. पुढच्या वर्षी परीक्षा अलीकडे आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी रेल्वेची जागा मिळाली नाही. मी दरवेळी म्हणत असे, जहाज कोठे पळून जाते? पुढल्या वर्षी नक्की. डबा एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात राहिला. २०१२ साली वर्तमानपत्रात वाचले, की सुरक्षिततेच्या कारणावरून विक्रांतवर लोकांना जाण्यास बंदी झाली. डब्यात तेव्हा एक हजार तीनशे चाळीस रुपये होते. त्यांचा आम्ही शाळेसाठी एक मोठा नकाशा घेतला. समुद्राचा भाग त्यावर निळा आहे.

मग मला उमगले, की सरकारे काय, संस्था काय, आणि आर्णीचा इतिहास-मास्तर काय, सारे एकाच वाक्यावर जगत होतो : पुढल्या वर्षी नक्की. राज्य सरकारची इच्छा होती, नौदलाची होती, लोकांची तर होतीच. भागीदार शोधण्याचे प्रयत्न झाले, पण एवढ्या मोठ्या खर्चाला खांदा देणारा कोणी मिळाला नाही. मधल्या काळात नौदलाने आपल्या चालत्या जहाजांच्या गोदीत या थकलेल्या जहाजाला जागा दिली, जमेल तशी निगा ठेवली. त्यांना दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही. गंज मात्र कोणाच्या बैठकीची वाट पाहत नव्हता.

२०१३ साली जहाज मोडीत काढण्याचे ठरले. ऑनलाइन लिलावात ते सुमारे ६० कोटी रुपयांस गेले. काही नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अर्ज फेटाळला गेला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाला स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये ती उठली. मुंबईतच, दारूखान्याच्या किनाऱ्यावर, २०१४ च्या नोव्हेंबरात गॅसच्या ज्योतीने पोलाद कापावयास सुरुवात झाली.

त्या दिवशी मी दादांकडे गेलो. ते कापूस वेचून आलेल्या बायांचा हिशेब करीत होते. हिशेब पुरा होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "साठ कोटी म्हणजे किती रे? माणशी किती?" मी तोंडी हिशेब केला. महाराष्ट्राची वस्ती अकरा कोटींच्या वर. माणशी साडेपाच रुपयेसुद्धा पडत नव्हते. मी घाईने पुढे म्हणालो, की पण दादा, साठ कोटी ही भंगाराची किंमत. ठेवावयाचे म्हटले तर खर्च त्याच्या कितीतरी पट, आणि तो दरवर्षी. ते म्हणाले, "ते मला सांगतोस? मी खरवडलं आहे तिला." थोड्या वेळाने ते उठले आणि जाताना म्हणाले, "बरं झालं, आई आधी गेली." आत्याबाई २०१० साली गेल्या होत्या.

विक्रांतच्या पोलादाचे एक स्मारकशिल्प जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभे राहिले. काही पोलाद बजाज कंपनीने घेतले आणि त्याचा अंश घालून त्याच वर्षी एक मोटरसायकल काढली. आमच्या बाजारात तशी एक गाडी आली तेव्हा दादांनी त्या तरुणाला थांबवले, टाकीवर हात ठेवला आणि विचारले, "रोज पुसतोस ना?" तो बिचारा गोंधळून हो म्हणाला.

पुढे 'विराट'चीही तीच कथा झाली. २०१७ च्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करावयाची ८५२ कोटींची योजना २०१८ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केली. पण ती कागदावर राहिली, आणि २०२० साली साडेअडतीस कोटींस विकली जाऊन विराट गुजरातेत अलंगला तोडावयास गेली. दोन्ही वेळा आकडे मोठे होते. मला वाटते, आपण पहिल्या दिवसाच्या खर्चाचा हिशेब करतो आणि तो पाहून दचकतो. रोजच्या सारवणाचा हिशेब मांडतच नाही.

म्हणून लहान प्रमाणात का होईना, जे तगले त्याकडे पाहावे. कारवारच्या समुद्रकाठी 'चपळ' ही क्षेपणास्त्र-नौका २००६ पासून उभी आहे. विशाखापट्टणमला 'कुरसुरा' ही पाणबुडी २००१ साली निवृत्त झाली आणि पुढल्याच वर्षी, २००२ च्या ऑगस्टमध्ये, लोकांसाठी उघडली. कारण अगदी साधे : तिला पाण्यात ठेवलेच नाही. समुद्रातून ओढून वाळूवर आणली आणि काँक्रीटच्या पायावर बसविली. जहाज थोडके आणि खर्च आवाक्यातला. तिकिटाचे पैसे आणि निगा राखणारी माणसे रोजची.

२०१८ च्या दिवाळीनंतर मी तेथे गेलो. बरोबर दादा होते, त्यांची दोन नातवंडे होती, आणि माझ्या त्या डब्यात कधीकाळी रुपया टाकलेला एक जुना विद्यार्थी होता. तो आता स्वतः शाळेत शिकवतो, आणि त्याने आपल्या वर्गाची अठरा मुले आणली होती. कुरसुराही १९७१ च्या युद्धातली. आत वाट इतकी अरुंद, की दादांना अंग आकसून जावे लागले. माहिती सांगणारे गृहस्थ स्वतः नौदलातून निवृत्त झालेले. दोघांनी एकमेकांना नोकरीची साले विचारली, आणि मग आमच्याकडे कोणाचेच लक्ष उरले नाही.

बाहेर आलो तेव्हा एक कामगार शिडीवर चढून पाणबुडीच्या पोटाचा गंज खरवडीत होता. खर्र खर्र आवाज समुद्राच्या आवाजातही स्पष्ट ऐकू येत होता. दादा तेथेच थांबले. मुले भेळेच्या गाडीकडे धावली, सूर्य कलू लागला, तरी दादा हलेनात. शेवटी मी जवळ जाऊन म्हणालो, "दादा, चलता ना?" ते त्या माणसाकडे पाहतच म्हणाले, "थांब जरा. आईनं विचारलं होतं ना, सारवते कोन म्हणून? हा बघ."

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीनला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, आपल्याच देशात बांधलेली, जुनीहून दुपटीपेक्षा वजनदार. आमच्या घरी दूरदर्शनसमोर गर्दी जमली होती. दादांनी तो सोहळा शेवटपर्यंत पाहिला. नातवाने विचारले, "आबा, हिचं पुढं म्युझियम करतील का?" दादा म्हणाले, "करतील की नाही ते तुमच्यावर आहे रे. ती म्हातारी होईल तेव्हा मी नसेन. तू असशील." पोरगा लगेच हिशेब करू लागला, की तेव्हा आपण किती वर्षांचे असू.

यंदाही दिवाळी आली. आत्याबाईंचे मातीचे घर दादांनी पाडलेले नाही. त्याला सिमेंट लावण्याचे सुनेने सुचविले, तेव्हा एक खोली तेवढी तशीच ठेवू असे ठरले. काल संध्याकाळी मी गेलो तर सून ओले शेण कालवीत होती, आणि ती भावी म्युझियमची जबाबदारी अंगावर घेतलेला पोरगा, आता मिसरूड फुटलेला, कोपऱ्यात ओणवा बसून हात मारीत होता. अर्धवर्तुळे काही जमत नव्हती. एक जागा कोरडीच राहिली होती. ओसरीवरून दादांनी काठीने दाखविले, "तिथं राहिलं बघ." त्याने मागे वळून पाहिले, पुन्हा शेण घेतले आणि ती जागा सारवली.